घाई काय शे?

आमच्याकडे खानदेशात उन्हाळा लागला की दुपारी बारा ते चार कोणी कोणाच्या दारात उभं राहत नाही. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, डांबर मऊ पडतं, आणि शेतावरची माणसं पहाटे अंधारातच कामाला लागून अकराच्या आत सगळं उरकतात, मग निंबाखाली आडवी होतात, ऊन कललं की परत उठतात ते थेट दिवस मावळेपर्यंत. बाहेरून आलेल्याला हा आळस वाटतो. पण त्या उन्हात राबलं तर माणूस पडतो, एवढं साधं गणित आहे ते, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ते कोणी न शिकवता सोडवून ठेवलेलं होतं.

जंगलातल्या जनावरांचंही हेच चालतं. सांबर, अस्वल, बिबट्या सगळे दुपारी कुठेतरी सावली धरून पडलेले असतात, हालचाल पहाटे आणि संध्याकाळी. सफारीच्या फेऱ्या सकाळी लवकर आणि दुपारनंतर अशा दोनच का असतात याचं कारण हेच. म्हणजे पुण्या-मुंबईहून पैसे भरून जंगलात गेलेला माणूस दोन दिवस जो दिवस जगतो ना, पहाटे उठणं, दुपारी जेवून पडणं, संध्याकाळी परत बाहेर, तो माझ्या आजोबांचा रोजचा दिवस होता.

आता आमच्याच घरात तो दिवस उरलेला नाही. मी बँकेत, नवरा दुकानात, मुलगा सकाळी कॉलेज आणि दुपारी क्लास, एसी लागल्यापासून दुपार म्हणजे दुपार राहिलीच नाही, सगळे तास सारखेच झाले. आणि वाईट याचं वाटतं की सुट्टीसुद्धा तशीच झाली. चार दिवसात सहा पॉईंट, सकाळी साडेसहाला बस, नाश्ता डब्यात, फोटो, पुढे चला. माणसं घरी येतात ती दमून येतात आणि मग म्हणतात आता एक दिवस आराम पाहिजे!

काही वर्षांपूर्वी आम्ही एका गाजलेल्या व्याघ्र प्रकल्पात गेलो होतो, नाव नाही घेत. सहा सीटच्या जिप्सीत दोन सीट अनोळखी माणसांच्या, आणि पहिल्या मिनिटापासून एकच विषय, साईटिंग. समोरून जिप्सी आली की दोन्ही ड्रायव्हर काच नसलेल्या गाडीतून एकमेकांना विचारणार, दिसला का, कुठे, किती वाजता. मग वाघाची चाहूल देणारा वानराचा खकारा ऐकू आला, कोणीतरी कॉल कॉल ओरडलं, आणि धुळीचा लोट उठवत सगळ्या गाड्या एकाच वळणावर. वाघ दिसला, हो, दिसला. मला त्याच्या पाठीपेक्षा पुढच्या गाडीतल्या लोकांचे वर केलेले मोबाईल जास्त दिसले. अप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा सोबत होते, त्यांची कंबर त्या हादऱ्यांनी इतकी धरली की दुसऱ्या दिवशीची फेरी त्यांनी सोडून दिली. आमच्या गाडीत कोणालाच असं वाटत नव्हतं की जरा थांबूया, कारण पैसे वाघाचे भरले होते ना.

या घाईचा शेवट कुठे होतो ते २०२४ च्या ३१ डिसेंबरला नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात सगळ्यांनी बघितलं. एफ-२ नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर, आणि दोन्ही बाजूंनी जिप्सी, तिला वाट नाही. व्हिडिओ फिरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मला त्या व्हिडिओतल्या ड्रायव्हरांचा जितका राग आला तितकाच मागे बसलेल्यांचा आला, कारण गाडी पुढे घ्या पुढे घ्या असा लकडा मागूनच लागलेला असतो.

तर यावेळी मार्च एंड संपला, बँकेतलं क्लोजिंग झालं, मुलाची अकरावीची परीक्षा आटोपली, आणि मी ठरवलं की सुट्टी शिंप्याकडून माप देऊन शिवून घ्यायची, तयार आणायची नाही. अप्पा रेल्वेतून रिटायर झालेले, भुसावळला गार्ड होते, वय झालंय, गुडघे आणि कंबर दोन्ही जपायला लागतात, त्यामुळे त्यांना गाडीत कमीत कमी बसणं. मुलाला पक्ष्यांचं वेड, त्याला पहाटे पायी चालणं. नवऱ्याला झोप, खरंच झोप, त्याला ती मिळत नाही वर्षभर. आणि मला काहीच नको होतं, कोणी काही विचारू नये एवढंच. नातेवाईक म्हणाले बारावीचं वर्ष सुरू होतंय आणि व्हेकेशन बॅच बुडवता? बुडवली. त्या काही दिवसांनी त्याचं काही अडलेलं नाही.

लांब कुठे गेलोच नाही. आमच्याच जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत पाल. भुसावळहून सावदा, खिरोदा आणि मग वर घाट. सावदा-फैजपूरकडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळी, बाहेर आग ओकणारं ऊन आणि बागेशेजारून गाडी गेली की एक ओलसर गार झुळूक आत येते, ती मला लहानपणापासून आवडते. वर चढलं की केळी संपते आणि साग, सालई, अंजन, धावडा सुरू होतो. यावल अभयारण्य हे. १९६९ साली जाहीर झालेलं, साधारण १७७ चौरस किलोमीटर, पलीकडे लगेच मध्य प्रदेश. पुण्यातल्या मैत्रिणींना यावल म्हटलं तर माहीत नसतं, आणि खरं सांगू, जळगावातल्याही पुष्कळांना पाल म्हणजे पावसाळ्यात भजी खायला जायची जागा एवढंच माहीत असतं.

आधी फोनवर बोलून ठेवलं होतं. गाईड म्हणून एक पावरा आदिवासी मुलगा मिळाला, तिथल्याच पाड्यावरचा. त्याला मी पहिल्याच फोनवर सांगितलं, दादा, आम्हाला वाघ नको, वेळ पाहिजे. तो दोन सेकंद गप्प झाला आणि मग म्हणाला, "मग बरं आहे ताई. मग दाखवतो." पुढे त्याने सांगितलं की येणारे बहुतेक लोक गाडीतून उतरायच्या आधीच इथे काय काय आहे आणि किती वाजेपर्यंत होईल हे विचारतात.

आता मला जे सांगायचंय ते पाणवठ्याबद्दल आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

उन्हाळ्यात नाले आटतात, पाणी मोजक्या जागी उरतं, आणि वनखातं काही ठिकाणी टाक्या-खड्ड्यांत पाणी सोडतं. जनावरांना तिथे यावंच लागतं. म्हणून तर बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजायची पद्धत पडली, चांदणं असतं आणि पाणी कमी असतं. आम्ही पौर्णिमेला नव्हतो, आम्ही ऊन कलल्यावर पाणवठ्यापासून बऱ्याच अंतरावर, वारा आपल्याकडून पाण्याकडे जाणार नाही अशी बाजू धरून, झाडाच्या बुंध्याशी बसलो. अप्पांसाठी घडीची खुर्ची नेली होती. गाईडने सांगितलं, बाबा, बोलू नका, आणि हात हलवायचा तर हळू.

पहिली पंधरा-वीस मिनिटं काही म्हणजे काही नसतं. ते खोटं असतं खरं तर, सगळं असतं पण आपण आल्यामुळे गप्प झालेलं असतं. नंतर सातभाई आले, कलकलाट करत, पाचोळा उलटा करत, त्यांना आपली फिकीर नसते. ते निर्धास्त वागायला लागले की बाकीचे धीर धरतात. टकाचोर आला. चिखलाच्या ओल्या कडेला पिवळी फुलपाखरं बसली होती, पंख मिटून, सोंड चिखलात, एकाला एक लागून इतकी की मला आधी ती गळलेली पानं वाटली. मधमाश्या. मग बराच वेळ परत काही नाही. मुलाने माझ्याकडे बघितलं, मी त्याला नजरेनेच बस म्हटलं.

आणि मग सांबर. मादी होती, एकटी. ती आली असं म्हणता येणार नाही, ती झाडांमध्ये होतीच, मला कान दिसले फक्त. एक कान पुढे आणि एक मागे वळलेला. किती वेळ ती तशीच उभी, पाणी समोर, तहान लागलेली असणार, पण पाऊल टाकेना. नाक वर करून वारा घेतला, मग एक पाय पुढे टाकला आणि परत थांबली, पाय उचललेलाच, खुरातून माती गळतेय तेवढी हलली. पाण्यापाशी येऊनही आधी तोंड बुडवलं नाही, परत मागे बघितलं. मग प्यायली, आणि प्यायली ती किती वेळ, घशाखालून घोट जाताना दिसत होते. अप्पा माझ्या कानाशी अगदी हळू म्हणाले, "सगळं बघून मगच पाणी पितेय, माय."

अप्पांची चाळीस वर्षं मिनिटाच्या काट्यावर गेली. गाडी किती वाजता सुटली, किती मिनिटं लेट, कुठे क्रॉसिंग, सगळं वहीत. रिटायर झाल्यावर दहा वर्षं ते घरातही तसेच, चहा सव्वासहाला, बातम्या सातला, आणि चहाला दहा मिनिटं उशीर झाला तरी अस्वस्थ. त्या पाणवठ्यावर ते अंधार पडेपर्यंत बसले होते. परत निघायचं का म्हणून मीच विचारलं. अप्पा मूळचे अमळनेरकडचे, मनापासून काही बोलायचं असलं की अहिराणी येते तोंडात. म्हणाले, "घाई काय शे? बठू ना जराखं."

पहाटेचा कार्यक्रम मुलाचा. अप्पा आणि नवरा झोपलेले, मी, मुलगा आणि गाईड. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो आणि फुलं रात्रभर, पहाटेपर्यंत गळत राहतात, पाड्यावरच्या बायका-मुलं टोपल्या घेऊन उजाडायच्या आत झाडाखाली हजर असतात. अस्वलालाही ती फुलं प्रिय, सांबर-भेकरालाही, त्यामुळे मोहाच्या झाडाकडे जाताना गाईड आधी खाकरतो, आवाज करतो. झाडाखाली उभं राहिलं तर टप, टप असा आवाज येत राहतो. मी एक उचलून खाल्लं, जाड रसाळ पाकळी, गोड, आणि मागून एक आंबूस वास. एका आजीबाईंनी टोपली पुढे केली, अजून घे म्हणाल्या. त्यांचं वर्षाचं मीठमिरची त्या टोपलीत होतं आणि त्या मला मूठभर घे म्हणत होत्या.

पुढे सालईच्या पानं झडलेल्या रानात, ऊन चांगलं वर आल्यावर, रानपिंगळा दिसला.

या पक्ष्यासाठी खानदेशातल्या प्रत्येक माणसाची मान ताठ व्हायला पाहिजे. १८७३ मध्ये शास्त्राला माहीत झालेलं हे छोटं घुबड. जेम्स डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथे आपल्या खानदेशात त्याचे नमुने गोळा केले, शेवटचा १८८४ चा. त्यानंतर पक्षी गायब. लोक समजले की संपला. मध्ये १९१४ ची गुजरातमधली एक नोंद होती, कर्नल माइनर्टझहागन यांची, शोधणारे त्या नोंदीच्या मागे जायचे. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयांतले जुने नमुने तपासून दाखवलं की ती नोंद खोटी, तो नमुना मुळात डेव्हिडसनचाच, चोरून नवीन लेबल लावलेला. मग त्या आणि त्यांचे सोबती खऱ्या जुन्या जागांवर आले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तोरणमाळच्या पायथ्याच्या रानात, सकाळच्या लख्ख उजेडात, एका उघड्या झाडावर तो बसलेला होता. ११३ वर्षांनी. मला यातलं सगळ्यात जास्त काय भावतं तर तो दिवसा वावरणारा पक्षी आहे, लपून वगैरे बसत नाही, उघड्या फांदीवर उन्हात बसतो. आपल्याच भिल्ल-पावरा लोकांच्या रानात तो बसलेला होता इतकी वर्षं. आज मेळघाटात, यावलमध्ये आणि अजून काही ठिकाणी त्याच्या नोंदी आहेत, तरी धोका आहेच, जंगल तुटलं आणि ढोल्यांची जुनी झाडं गेली की घरटं कुठे करणार तो.

आम्ही बघितला तो फांदीच्या टोकाला बसलेला. मुलाने दुर्बिणीतून बघून हळूच सांगितलं, डोक्यावर ठिपके नाहीत आई. गावात दिसतो तो साधा पिंगळा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, याचं डोकं नुसतं राखट तपकिरी, पोट पांढरं शुभ्र, आणि पायांवरसुद्धा पांढरी पिसं. शेपटी मधूनच झटक्याने इकडून तिकडे. आमच्याकडे त्याने एकदा वळून बघितलं, पिवळे डोळे, मग परत खाली जमिनीकडे. गाईडने मोबाईल काढला नाही. काही ठिकाणी पक्ष्याचा आवाज मोबाईलवर लावून त्याला जवळ बोलावतात, पक्ष्याला वाटतं दुसरा कोणी आपल्या हद्दीत घुसला, तो बिचारा खाणंपिणं सोडून भांडायला येतो, आणि आपण फोटो काढतो. हा मुलगा म्हणाला, "आम्ही नाही लावत. बसलं की तो त्याचं काम करतोच." आणि केलंच त्याने. बराच वेळ दगडासारखा स्थिर, मग एकदम खाली झेप, आणि वर आला तेव्हा चोचीत सरडा. फांदीवर आपटला, पायाखाली धरला, सावकाश खाल्ला. मुलाने फोटो काढायचा सोडून नुसतं बघितलं. या मुलाला मी घरी दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून बसलेलं बघितलेलं नाही.

दुपारी जेवण पाड्यावरच्या एका घरून. कळण्याची भाकरी, उडदाची घट्ट डाळ, ठेचा, कांदा. नवरा जेवला आणि पडवीत खाटेवर असा झोपला की संध्याकाळपर्यंत हलला नाही, आणि कोणी त्याला उठवलं नाही, हेच मला हवं होतं. त्याला सुट्टीत नेऊन बिबट्या बघ, हे बघ, ते बघ केलं असतं तर त्याची सुट्टी झाली असती का?

पैशाचं बोलायला पाहिजे, कारण आपल्या मापाची सुट्टी म्हटलं की लोकांना लगेच तंबूत बाथटब असलेले रिसॉर्ट आठवतात. आम्हाला हा सगळा खर्च त्या गाजलेल्या जंगलातल्या दोन फेऱ्या आणि हॉटेलपेक्षा कमी आला, आणि जो आला त्यातला बराचसा गाईड, पाड्यावरचं जेवण, मोह-चारोळी विकणाऱ्या बायका यांच्या हातात थेट पडला. मोठ्या जंगलात जायचंच असेल तर ज्यांना परवडतं त्यांनी अख्खी जिप्सी घ्यावी, दोन-तीन कुटुंबांनी मिळून घेतली तरी चालते, आणि गेटवरच गाईडला सांगावं की आज गर्दीच्या उलट्या दिशेला चल. एका जागी जास्त रात्री राहावं, रोज नवीन जंगल नको. लहान मूल किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर दिवसाला एकच फेरी. माझी एक मैत्रीण केनियात मसाई माराला जाऊन आली, तिनेही तिथे हेच केलं, एकाच कॅम्पवर मुक्काम आणि स्वतःची गाडी. विल्डबीस्ट म्हणजे तिथल्या मोठ्या हरणांचे कळप नदीकाठी येऊन तासन् तास नुसते उभे राहतात, पुढे होतात, परत मागे फिरतात, पाण्यात कधी उतरतील सांगता येत नाही. बाकीच्या गाड्या कंटाळून जेवायला निघून गेल्या आणि ती थांबली, तिला त्यांचं नदी ओलांडणं बघायला मिळालं. आफ्रिकेतच झांबियात साऊथ लुआंग्वा नावाचं जंगल आहे, तिथे नॉर्मन कार या माणसाने बंदुकीच्या शिकारीऐवजी पायी सफारी सुरू केली, आजही ते जंगल पायी फिरण्यासाठीच ओळखलं जातं. चालत गेलं की माणूस ठसे बघतो, विष्ठा बघतो, मुंग्यांचं वारूळ बघतो. गाडीतून हे दिसत नाही.

परत आल्यावर सगळं बदललं असं मी म्हणणार नाही, बँकेत तीच गर्दी, पोरगा परत क्लासला. पण एप्रिल-मेच्या रविवारी दुपारी आमच्याकडे आता कोणाला कुठे न्यायचं नाही आणि कोणाकडे जायचं नाही असं ठरलंय. जेवण झालं की पंखा, माठातलं पाणी, आणि ज्याला जे वाटेल ते. पहिल्या रविवारी मुलगा चुळबुळ करत होता, नंतर अप्पांनी त्याला जुनी रेल्वेची गोष्ट सांगायला घेतली, इगतपुरीच्या घाटातली, आणि ती चहाच्या वेळेपर्यंत चालली. चहा सव्वासहाच्या पुढे गेला. अप्पांनी विचारलं नाही.

थंडीत आम्ही हतनूर धरणावर जाणार आहोत, तापी-पूर्णेच्या पाण्यावर बाहेरून आलेली बदकं उतरतात तेव्हा, अप्पांची खुर्ची काठावर लावायची आणि दिवसभर तिथेच. आणि त्यानंतर पलीकडच्या सातपुड्यात, मध्य प्रदेशातल्या मढईला. भुसावळहून इटारसीच्या पुढे सोहागपूरपर्यंत रेल्वे आहे, तिथून देनवा नदी होडीने ओलांडायची, आणि तिथे जिप्सीशिवाय पायी आणि नावेतूनही फिरता येतं. तिकीट मुलगा काढणार आहे. पायी तो जाईल, नावेत अप्पा बसतील, नवऱ्याने विचारलंय तिकडे दुपारी किती वाजेपर्यंत झोपू देतात, आणि मी एक दिवस पोराबरोबर आणि एक दिवस अप्पांबरोबर.